मदत हवी आहे: आजीच्या डोळ्यात जुन्या खुपऱ्या, घरात तीन वर्षांची पोर

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. आजी आमच्याकडे नागपुरात असते. वय ७८, मूळची काटोलजवळच्या खेड्यातली. कित्येक वर्षांपासून तिच्या डोळ्यात ‘कुसळ गेल्यावानी’ टोचतं. उपायही ठरलेला: पंधरा दिवसांतून एकदा गच्चीच्या दाराशी उजेडात बसायचं, वरची पापणी बोटाने ताणून धरायची आणि माझ्या बायकोला चिमट्याने केस उपटायला लावायचे. केस हाताला लागला की म्हणते, “निघाला बाप्पा!” मग चार दिवस खुशीत. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचं काहीतरी असेल.

मागच्या आठवड्यात मोतीबिंदूसाठी दाखवायला नेलं. डॉक्टरांनी पापणी उलटी करून मलाही दाखवली. आत आडवी पांढरट रेघ, जुन्या जखमेच्या वणासारखी. “लहानपणी खुपऱ्या (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्ग) झाल्यात, पापणी आत वळलीय. आधी तिचं ऑपरेशन, मग मोतीबिंदू.” एवढं बोलून पुढचा पेशंट.

घरी आजीला खोदून विचारलं. तिची आई पाचही पोरांना एकाच बोटाने काजळ घालायची, कुणाचे डोळे आलेले असले तरी. चिपडं पुसायला पदरही तोच.

आता माझी धास्ती अशी की आजी तिच्या पदराने माझ्या मुलीचं तोंड पुसते. मुलीला लागण होईल का? ओळखीचा औषधवाला म्हणतो, ॲझिथ्रोमायसिन ही जिवाणू मारणारी गोळी द्या, काम होऊन जाईल. आणि भारतातून हा रोग गेला असं वाचलं होतं, मग आमच्याच घरी कसा निघाला? या वयात ऑपरेशन झेपेल का तिला?

चष्मेबद्दूर:
मी डोळे तपासायचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

लागण होते ती चालू संसर्गाची. खुपऱ्या करणारा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जिवाणू हात, फडकी, काजळाचं बोट आणि डोळ्यांवर बसणाऱ्या माशा यांच्यामार्फत एका पोराकडून दुसऱ्याकडे जातो. एकदा होऊन गेला तर सहसा फार बिघडत नाही. तो लहानपणी पुन्हा पुन्हा होत राहिला की वरच्या पापणीच्या आतल्या अस्तरावर वण धरतात. ते वण वर्षानुवर्षं आकसत जातात, पापणी आत ओढली जाते आणि केस बुबुळावर घासतात. म्हणजे आजीच्या डोळ्यात आज रोग नाही, त्याने मागे ठेवलेला वण आहे. वणाची लागण होत नाही. पदर मात्र वेगळा ठेवा, साधे डोळे आले तरी तो पसरवतोच. २०२३ च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ आठवा, ती विषाणूची होती.

गोळीचंही तेच. ॲझिथ्रोमायसिन चालू संसर्गावर उत्तम, एकच डोस पुरतो. वण तिने जात नाही. औषधवाल्याला नमस्कार सांगा.

‘रोग गेला’ हेही खरं आहे. सरकारने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही असं जाहीर केलं. नीट वाचा: ‘एकही रुग्ण नाही’ असं कुणी म्हटलेलं नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांत चालू रोग ५ टक्क्यांच्या खाली, आणि १५ वर्षांवरच्यांत पापणी वळलेले, पण आरोग्ययंत्रणेला ठाऊक नसलेले ०.२ टक्क्यांहून कमी, असा हिशोब असतो. त्या ०.२ मध्ये कुणाची तरी आजी असतेच.

संत्रानगरी:
माझ्या मोठ्या आईचं केलंय हे ऑपरेशन. फक्त पापणी बधिर करतात, वण असलेली कड सोडवून बाहेरच्या अंगाला वळवून टाके घालतात. त्याच दिवशी घरी. ती ८१ ची होती, रिक्षात बसूनच भजी मागितली. काही जणांची पापणी पुन्हा वळते, त्यामुळे नंतरही दाखवत राहा.

एक सांगा, आजोबांना असं काही होतं का? आमच्याकडे फक्त बायकांनाच.

चष्मेबद्दूर:
यामुळे दृष्टी जाण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत असतं. चिपडी पोरं दिवसभर कुणाच्या कडेवर असतात, बघा.

वर्धारोडवाला, ऑपरेशन होईपर्यंत केस कात्रीने कापू नका, खुंट जास्त टोचतात. उपटलेला केसही परत येतोच. आणि डोळ्यात पांढरं फूल पडलेलं दिसलं, दुखायला लागलं किंवा उजेड सोसेना झाला, तर तारखेची वाट पाहू नका. दुसरं मत हवं असेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात तर अकराच्या आतच, म्हातारं माणूस रांगेत वाळून जातं.

वर्धारोडवाला:
आजोबांचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते. आजवर हे सुचलंच नाही.

मुलीचं तोंड पुसायला वेगळे रुमाल काढले. आजी एक दिवस रुसली, मग स्वतःच त्यांवर पोरीच्या नावाचं अक्षर भरतकामात काढून दिलं. दिसत नाही म्हणते अन् टाका सरळ! सोमवारी मेडिकलला जातोय. तिने नातसुनेला बजावलंय, चिमटा पिशवीत घे, डॉक्टरचा कसा असतो कोणाला ठाऊक.