फॅब्रिकेटरने जोड बदलला आहे आणि ‘तपासले’ या रकान्यात सही माझी हवी आहे

प्रश्न : तुळई

मी एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कार्यालयात नोकरीला आहे. हे माझे तिसरे वर्ष. सध्याच्या एका औद्योगिक शेडच्या कामात स्तंभ आणि राफ्टर (छपराची तिरकी तुळई) यांचा जोड आम्ही साइटवर करायच्या पूर्ण वेल्डचा दाखवला होता. फॅब्रिकेटरकडून, म्हणजे पोलादी भाग बनवून देणाऱ्याकडून, आलेल्या शॉप ड्रॉइंगमध्ये (कारखान्यात भाग बनवण्यासाठीच्या नकाशात) त्या जागी एंड प्लेट (राफ्टरच्या टोकाला जोडलेली पोलादी पाटी) आणि बोल्ट दिसत आहेत. सोबत गणित नाही, ‘सल्लागारांशी फोनवर बोलणे झाले आहे’ एवढी टीप मात्र आहे. साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले की बोल्टचा जोडही तेवढाच चालतो, माल अडकून पडला आहे, शिक्का मारून पाठवून दे. ‘तपासले’ या रकान्यात माझी आद्याक्षरे आणि ‘मंजूर’ या रकान्यात साहेबांची सही जाणार आहे. साहेब बेफिकीर आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि कदाचित त्यांचेच बरोबर असेल. पण जे मी तपासलेले नाही ते तपासले असे लिहावे का, आणि उद्या काही विपरीत घडले तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ : कोयनाकाठ

आपल्या प्रश्नाशी इतके जुळणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात हवेत टांगलेले पादचारी पूल होते. त्यांपैकी चौथ्या मजल्यावरचा पूल दुसऱ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोबर वर होता. मूळ आरेखनात छतापासून निघणारे सलग गज चौथ्या मजल्याच्या पेटीतुळईतून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोहोचत होते, त्यामुळे वरच्या तुळईखालच्या नटावर फक्त वरच्या पुलाचा भार येत होता. फॅब्रिकेटरला अडचण अशी होती की तो नट जागेवर न्यायचा तर लांबलचक गजावर आटे पाडावे लागणार आणि उभारणीत ते खराब होणार. म्हणून त्याने एका गजाचे दोन केले : एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात खालचा पूल आता वरच्या पुलाच्या तुळईला टांगला गेला आणि त्या नटावरचा भार दुप्पट झाला.

१७ जुलै १९८१ रोजी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. पुढच्या तपासणीत असे आढळले की मूळ जोडसुद्धा शहराच्या इमारत नियमांना हव्या असलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता आणि बदलानंतर तो त्याच्याही निम्म्यावर आला होता. म्हणजे बदल आला त्या दिवशी कोणी अर्धा तास बसून तो जोड मोजला असता, तर नवी चूक आणि जुनी चूक दोन्ही एकदमच हाती लागल्या असत्या.

या प्रकरणातही फोन आहेच. फॅब्रिकेटरचे म्हणणे होते की बदलाला फोनवर होकार मिळाला. अभियंत्यांनी असा फोन झाल्याचे नाकारले. पण शॉप ड्रॉइंगवर अभियंत्यांचा शिक्का होता, आणि शेवटी वजन त्यालाच आले. जोडाचे डिझाइन करणे हे प्रथेप्रमाणे फॅब्रिकेटरचे काम असते, हा बचाव मान्य झाला नाही. फौजदारी खटला उभा राहिला नाही, तरी जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या दोघांना मिझुरी राज्यातील अभियंता परवाने गमवावे लागले. डंकन हे प्रकल्प अभियंता होते, तर ज्यांचा शिक्का होता ते गिलम. ‘तपासले’ आणि ‘मंजूर’ या दोन रकान्यांत जबाबदारी वाटली जाऊन कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

उत्तर २ : शिवडीचा वर्कशॉपवाला

मी फॅब्रिकेशनच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून थोडी बाजू मांडतो. पावसाळ्यात, उंचावर, मचाणावर उभे राहून केलेला वेल्ड आणि कारखान्यात केलेला वेल्ड यांत फार अंतर असते, आणि साइटवरच्या वेल्डची अल्ट्रासॉनिक चाचणी (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी) किती ठिकाणी खरोखर होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कारखान्यात एंड प्लेट वेल्ड करून साइटवर बोल्ट कसण्याची मागणी बहुधा योग्यच असते. बदल मागितला म्हणजे फॅब्रिकेटर लबाड, असे सल्लागारांनी धरून चालू नये. मात्र गणित न पाठवणे ही आमच्याच बाजूची चूक आहे. ते मागा. चांगला फॅब्रिकेटर दोन दिवसांत देतो, आणि जो देत नाही त्याच्याबद्दल आपल्याला वेगळीच माहिती मिळते.

उत्तर ३ : तुळई

दोघांचेही आभार. बोल्टचा जोड मुळातच वाईट नाही हे मला मान्य आहे. माझी अडचण अशी की साहेब सांगतात तेही हेच, आणि मग गणिताचा आग्रह धरणे म्हणजे त्यांच्या अनुभवावर अविश्वास दाखवणे ठरते.

उत्तर ४ : साधा आधार

अनुभव कमी पडतो म्हणून नव्हे, तर बोल्टच्या जोडाला असे प्रश्न असतात जे वेल्डला नसतात, म्हणून गणित हवे. एंड प्लेट पातळ असेल तर ती वाकते आणि तिच्या टोकांच्या रेट्यामुळे बोल्टमधील ताण हिशेबापेक्षा वाढतो. स्तंभाच्या फ्लँजला (बाजूच्या रुंद पट्टीला) तिथे स्टिफनर (मजबुतीच्या जादा पट्ट्या) लागतील का, हेही पाहावे लागते. शेडच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छपराच्या वजनाखाली जोडाची बाहेरची बाजू ताणात असते, पण वारा छप्पर वर ओढतो तेव्हा मोमेंट (जोडाला वाकवू पाहणारा जोर) उलटते आणि आतली बाजू ताणात येते. पूर्ण वेल्डला दिशेचे सोयरसुतक नसते. बोल्ट मात्र बाहेरच्या बाजूला चार आणि आतल्या बाजूला दोन असे लावलेले असले, तर वादळात त्या दोनांवरच सगळे येते. आपल्या ड्रॉइंगमध्ये बोल्टची मांडणी कशी आहे हे आधी पाहा.

न्यूयॉर्कच्या सिटीकॉरp सेंटर या गगनचुंबी इमारतीमध्येही वेल्डऐवजी बोल्ट आले होते. तिचे स्ट्रक्चरल अभियंता विल्यम लेमेझर यांच्या कार्यालयाने तो बदल स्वीकारला आणि खुद्द लेमेझर यांना तो १९७८ मध्ये, इमारत उभी राहिल्यावर कळला. इमारतीच्या भिंतींवर सरळ येणाऱ्या वाऱ्यासाठी बोल्ट पुरेसे होते. कोपऱ्यावर तिरक्या येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब मांडल्यावर ते अपुरे पडले. त्यांनी मालकांना सांगितले आणि रात्रीच्या वेळी जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या गेल्या. याबद्दल त्यांचे कौतुक होते. मला ते अर्धेच पटते, कारण आसपासच्या रहिवाशांना धोक्याची कल्पना दिली गेली नाही आणि लोकांना हे कळायला १९९५ साल उजाडले.

कायद्याचे म्हणाल तर वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे, तसा अभियंत्यांसाठी आपल्याकडे नाही. महापालिकेकडील नोंदणी साहेबांची असेल, आपली नसेल. पण निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकते, आणि ते नोंदणी विचारत नाही.

साहेबांशी वाद घालण्याचे कारण नाही. हा जोड आज संध्याकाळी आपणच आयएस ८०० (पोलादी बांधकामाचे भारतीय मानक) प्रमाणे दोन्ही दिशांच्या मोमेंटसाठी मोजा आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवा. अनुभवी माणसाला समोर आलेल्या आकड्यांचा राग सहसा येत नाही. जोड बसला तर आद्याक्षरे निर्धास्तपणे करा आणि गणित फाइलला लावा. बसला नाही किंवा मोजायला वेळच दिला गेला नाही, तर रकाना कोरा ठेवा, ‘जोडाचे गणित मिळाल्यावर तपासणी करता येईल’ असे ईमेलने साहेबांना कळवा आणि फॅब्रिकेटरच्या फोनच्या टिपेबद्दलही त्यातच विचारा : तो फोन नेमका कोणी घेतला होता?