डिग्री नाही पण काम येतं: आयटी सपोर्टला घ्यायचं की नाही?

सत्तरीचा

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, माझा भाचा डिचोलीला असतो. बारावी सायन्स झाला, इंजिनिअरिंगला गेला, दुसऱ्या वर्षी चार विषय राहिले आणि कॉलेज सुटलं. गेलं वर्षभर साखळीत एका दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला बसतो. मागच्या महिन्यात एका कंपनीत हेल्पडेस्कची जागा निघाली म्हणून गेला. रिसेप्शनवर फॉर्म भरून घेतला, पदवीच्या रकान्यात रेघ दिसली, तिथूनच परत. आत बोलावलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. बहीण फोनवर रडत होती. दोन दिवस मला दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या मते एल-वन सपोर्टला, म्हणजे तक्रार आल्यावर पहिल्या पायरीवर मदत करणाऱ्या कामाला, पदवीची अट घालणं चूक आहे. पासवर्ड रीसेट, प्रिंटर, आउटलुक उघडत नाही, व्हीपीएन जोडत नाही, नवीन माणसाला लॅपटॉप लावून देणं, तक्रारीची नोंद म्हणजे तिकीट नीट लिहून बंद करणं. यातलं काय बीईला शिकवतात?

मी स्वतः बारावी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बाबांचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालू राहिले. कॉलेजात नुकतंच नाव घातलं होतं, ते काढलं आणि बार्देशच्या किनाऱ्यावर एका केबलिंगवाल्याच्या हाताखाली लागलो. सहा महिने फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून केबल ओढल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, मग तपकिरीची जोडी. केबलच्या टोकाला तारा लावायचा हा क्रम अजून झोपेत सांगेन.

एकदा ऐन डिसेंबरात, चेक-इनच्या गर्दीत, एका हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या निम्म्या पीसींवर सॉफ्टवेअर लागेना. दोन इंजिनिअर सर्व्हरपाशी अडकले होते. मी एका पीसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिला. तिथलं नेटवर्क १० ने सुरू होणारं आणि याला १९२.१६८ चा पत्ता. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कुणी नेटवर्कवर आला होता. केबलींचा माग काढत गेलो, तर स्टाफरूममध्ये कुणीतरी घरचा वाय-फाय राऊटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावलेला, तोही लॅन पोर्टमधून, म्हणजे पत्ते तोच वाटत होता. तो काढला, पीसींना नवे पत्ते घ्यायला लावले, रिसेप्शन चालू. पुढच्याच महिन्यात त्या हॉटेलने मला ठेवून घेतलं. तिथेच कळलं की समुद्राच्या खाऱ्या हवेने केबलच्या टोकांवर हिरवा थर चढतो, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात कुठली पोर्टं जळतात.

शिकायचंच नाही असं मी म्हणत नाही. कॉम्पटियाच्या ए-प्लसला, म्हणजे आयटी सपोर्टच्या प्रमाणपत्र परीक्षेला, बसायला पदवी लागत नाही. दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. फी मात्र आमच्यासारख्या घरांना जड जाते. गूगलचा आयटी सपोर्टचा ऑनलाइन कोर्स २०१८ पासून आहे, सिस्कोच्या अकॅडमीचे काही कोर्स तर फुकट आहेत. हे केलेल्या मुलाला निदान आत बोलवा, एवढंच मागणं आहे.

वेर्णेवाला

तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण मी तुमच्याशी सहमत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याचं आयटी बघतो. एका जागेला शेकड्याने अर्ज येतात. प्रत्येकाला आत बोलावून परीक्षा घ्यायला माझ्याकडे दोन माणसं आहेत आणि तीच दोन माणसं प्लांटही सांभाळतात. कुठेतरी चाळणी लावावीच लागते.

दुसरं, आमच्याकडे ऑडिट होतं. कॉम्प्युटराइज्ड सिस्टीमसाठी युरोपच्या औषध उत्पादनाच्या नियमांतलं ॲनेक्स ११ आहे. माणसांकडे योग्य पात्रता असावी, त्यांचा ॲक्सेस आणि जबाबदाऱ्या ठरलेल्या असाव्यात, असं त्यात लिहिलंय. हेल्पडेस्कच्या मुलाच्या हातात पहिल्या दिवसापासून लोकांचे पासवर्ड असतात. ऑडिटरने ट्रेनिंगची फाइल मागितली की मी काय दाखवू? साखळीच्या दुकानातलं वर्ष?

आणि तिसरं, जे मला खरोखर सलतं. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, दहावीनंतर थेट कामाला लागलेला. त्याच्याइतका शांतपणे फोनवर बोलणारा, त्याच्याइतकं प्लांटमधलं कानाकोपऱ्यातलं नेटवर्क माहीत असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नऊ वर्षं काम केलं. मग सपोर्टचं कंत्राट दुसऱ्या व्हेंडरकडे गेलं. बाकी सगळ्यांना नव्या व्हेंडरने घेतलं, याला नाही, कारण नव्या करारात ‘पदवीधर’ असा शब्द होता. वय चौतीस, घरी दोन मुलं. मी तीन वेळा रदबदली केली, उपयोग झाला नाही. आज पदवीशिवाय दार उघडेलही. पण दहा वर्षांनी ते बंद होईल तेव्हा तुम्ही आणि मी काय करणार?

क्यूए फोंडा

वेर्णेवाले, नियम अर्धाच सांगू नका. अमेरिकेचा औषध उत्पादनाचा नियम, २११.२५, शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव किंवा यांचा कसलाही मेळ चालतो म्हणतो. ॲनेक्स ११ मध्येही पदवी हा शब्द नाही, पात्रता आहे. आणि ती पात्रता काय हे कंपनी स्वतःच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, लिहिते. तिथे तुम्ही पदवी लिहिलीत, म्हणून ऑडिटर पदवी विचारतो.

नवीन बीसीए

मी बीसीए फर्स्ट क्लास. पहिल्या आठवड्यात प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, कसा रीस्टार्ट करायचा ते मला शिपाईकाकांनी शिकवलं. त्यांनी दुसऱ्या सरांना करताना पाहिलं होतं.

आयटीआय ताई

मी आयटीआयमध्ये कोपा शिकवते, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. एक वर्षाचा ट्रेड, प्रवेश दहावीवर. इथे सगळे पदवी की काहीच नाही अशा दोन टोकांवरून बोलताहेत, मधला हा रस्ता कुणाच्या ध्यानातच नाही. शेवटी राष्ट्रीय पातळीवर चालणारं प्रमाणपत्र मिळतं, त्यापुढे १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप करता येते. कंपनीच्या फाइलला कागदही मिळतो आणि मुलाच्या हाताला कामही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. सत्तरीचे दादा, तुमची गोष्ट वाचून मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. केबलिंगवाल्याच्या हाताखाली सहा महिने, छताला डोकं लावून, रात्री-अपरात्री हॉटेलात. माझ्या वर्गातल्या कुठल्या मुलीला हे कुणी करू देईल? दुकानात संध्याकाळी आठपर्यंत बसू देतील? तुम्ही ज्याला ‘काम येतं’ म्हणता ते शिकायची जागाच मुलींना बंद आहे. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र हा एकच दरवाजा आहे. कागदाला किंमत नको असं ठरवलंत तर सगळ्यात आधी माझ्या वर्गातल्या मुली बाहेर पडतील. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वाळपईहून रोज बस बदलून येणारी एक मुलगी आहे. वर्गात सगळ्यात आधी पीसी उघडते ती.

सत्तरीचा

ताई, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. खरंच नाही. माझ्या टीममध्ये अकरा जण आहेत, एकही मुलगी नाही. आम्हाला मुली मिळत नाहीत असं मी आजवर सांगत आलो. अप्रेंटिस म्हणून घ्यायचं असेल तर तुमच्याकडे कधी यायचं ते सांगा.

वेर्णेवाले, तुमच्या त्या मुलाची गोष्ट मी भाच्याला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसला. मग इग्नूच्या बीसीएचा फॉर्म भरतो म्हणाला. तीन वर्षांचा, सहा वर्षांपर्यंत पुरा करता येतो, दुकान सांभाळून जमेल. तेव्हा त्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, मी मानतो. पण रकान्यातली रेघ बघून रिसेप्शनवरून परत पाठवणं हा मला आजही अन्यायच वाटतो. फॉर्मआधी वीस मिनिटांचं प्रॅक्टिकल ठेवा. एक बंद पडलेला पीसी, एक तुटलेली केबल, एक चिडलेला माणूस फोनवर. शेकड्यातले निम्मे तिथेच गळतील, पदवीधरसुद्धा. पुढच्या भरतीला ठेवाल?

वेर्णेवाला

प्रॅक्टिकल ठेवीन, कल्पना चांगली आहे. पदवीधरांसाठी माझ्या अधिकारात ठेवता येईल. बाकीच्यांना बसवायचं तर एसओपी बदलावी लागेल, फोंडेकरांनी दाखवलंय तसं. मी प्रस्ताव लिहून देईन, पण वरून मंजूर होईल असं मला वाटत नाही. भाच्याला फॉर्मची तारीख चुकवू देऊ नका.

आयटीआय ताई

दादा, सोमवारी सकाळी या. वर्ग साडेनऊला सुरू होतो.