एस्ट्रॅडिऑल हे एस्ट्रोजेन हार्मोन देऊनही स्मरणात फरक दिसत नाही, कुठे बघावं?

प्रश्न
अंडाशय काढलेल्या माऊस माद्या, वस्तू ओळखण्याची चाचणी: सरावात दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, नंतर त्यातली एक बदलायची; जुनी आठवत असेल तर मादी नव्या वस्तूकडे जास्त जाते. सरावाच्या अर्धा तास आधी तिळाच्या तेलातून १७-बीटा एस्ट्रॅडिऑल दिलं, २४ तासांनी तपासलं. हार्मोनचा गट आणि कंट्रोल (हार्मोन न दिलेला गट), दोन्ही नव्या वस्तूकडे सारखेच जातात. डोस वाढवू का?

उत्तर १
डोस वाढवू नका, वेळा बदला. २४ तासांनी कंट्रोललाही जुनी वस्तू आठवत असते, मग सुधारणा दिसणार कुठून? ४८ तासांनी तपासा. तोवर कंट्रोल विसरतात.

इंजेक्शन सरावानंतर लगेच द्या. आधी दिलं तर हालचाल, भीती, लक्ष यांवरचा परिणाम स्मरणात मिसळतो. तेलातून हार्मोन सावकाश शोषलं जातं, म्हणून सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये (साखरेच्या कड्यासारख्या रेणूत) बांधलेलं, पाण्यात विरघळणारं घ्या: ०.२ मिग्रॅ प्रति किलो, पोटाच्या पोकळीत. त्या पावडरीत हार्मोन वजनाच्या जेमतेम ५ टक्के असतं. बाटलीवरचा आकडा बघून हिशेब करा, नाहीतर डोस वीसपट कमी पडेल. कंट्रोलला तेवढंच नुसतं सायक्लोडेक्स्ट्रिन.

एक गट असाही ठेवा ज्याला इंजेक्शन सरावानंतर ३ तासांनी मिळेल. त्यात परिणाम दिसायला नको. हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मरणाशी जोडलेला भाग) एस्ट्रॅडिऑल काही मिनिटांत ईआरके हे पेशीत संदेश पोचवणारं एन्झाइम सक्रिय करतं आणि आठवण पक्की होण्याची सुरुवातीची वेळ गेली की त्याचा उपयोग राहत नाही. ईआरके रोखलं तर फायदाही जातो.

उत्तर २
खाद्य कुठलं आहे? सोयाबीन असेल तर त्यातलं जेनिस्टीन हे एस्ट्रोजेनसारखं रसायन एस्ट्रोजेनच्या बीटा रिसेप्टरला (पेशीतल्या ग्राहकाला) चिकटतं आणि कंट्रोलही खरा कंट्रोल राहत नाही. सोयामुक्त खाद्य द्या. प्रयोग संपल्यावर कंट्रोलच्या माद्यांचं गर्भाशय तपासा: दोऱ्यासारखं बारीक हवं. जाड निघालं तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय, ती मादी वगळा.

वस्तूवर चढून बसलेला वेळ मोजू नका, नाक वस्तूकडे असेल तेवढाच धरा. दोन फेऱ्यांच्या मध्ये वस्तू ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

उत्तर ३
अंडाशय काढलं म्हणजे मेंदूतलं एस्ट्रोजेन शून्य झालं, असं समजू नका. हिप्पोकॅम्पसच्या पेशींत अरोमाटेझ हे एस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम असतं, त्या स्वतःचं बनवतात. सरावानंतर लगेच तिथे लेट्रोझोल (अरोमाटेझ रोखणारं औषध) सोडलं तर अशा माद्यांचंही स्मरण बिघडतं.

शस्त्रक्रियेनंतर किती दिवस गेले तेही लिहा. रॅट माद्यांत ५ महिन्यांनी सुरू केलेल्या एस्ट्रॅडिऑलचा स्मरणाला फायदा दिसला नव्हता. निकाल चांगला आला तरी बायकांनी गोळ्या घ्याव्यात असा अर्थ कृपया काढू नका: २००३ च्या अमेरिकन चाचणीत ६५ वर्षांपुढच्या स्त्रियांना एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट झाला होता.