बगरामच्या किल्ल्या

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ. गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाचे केक गाळून बाकीचं जसंच्या तसं.)

*नाना, ए-३०२:* ट्रम्प म्हणतोय अफगाणिस्तानातला बगरामचा हवाई तळ अमेरिकेला परत पाहिजे. बरोबर बोलतोय. मुळात सोडायलाच नको होता. अतिरेकी गोड बोलून सुधारत नसतात. घुसायचं, ठोकायचं आणि तिथेच बसायचं.

*चिनू, बी-५०४:* नाना, वीस वर्षं बसलेच होते की! ७ ऑक्टोबर २००१ ला बॉम्बफेक सुरू आणि १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत काबूलमध्ये. अजून किती बसायचं?

*नाना, ए-३०२:* पण लादेन मारला ना?

*चिनू, बी-५०४:* मारला. पण कुठे? पाकिस्तानात, अबोटाबादला. ज्या देशात सैन्य घातलं तिथे नाही, शेजारच्या "मित्रा"च्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. आणि मारला कोणी? दोन हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या मूठभर कमांडोंनी. तेव्हा अफगाणिस्तानात लाखभर अमेरिकन सैनिक होते, त्यांचा त्यात काय संबंध?

*नाना, ए-३०२:* अरे, हेलिकॉप्टर उडाली कुठून? अफगाणिस्तानातूनच ना? तळ नसता तर काय पोहत गेले असते? आणि तालिबान आल्याबरोबर लादेनचा वारस तो जवाहिरी काबूलमध्ये घर करून राहायला आला, ते सोयीस्कर विसरलास.

*चिनू, बी-५०४:* हेलिकॉप्टरचा मुद्दा मान्य 🙏 पण जवाहिरी मेला जुलै २०२२ मध्ये, ड्रोननं. तेव्हा तिथे एकही अमेरिकन तळ नव्हता.

*सेक्रेटरी:* हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. बी विंगची लिफ्ट दुपारी २ ते ४ बंद राहील.

*मॅडम, बी-२०३:* लिफ्टचं कळलं. एकच सांगते, मग थांबते. (इतिहास शिकवून निवृत्त झाले आहे, म्हणजे थांबणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.)

माझ्या मते अमेरिकन अफगाणिस्तानात २०२१ मध्ये हरले नाहीत, डिसेंबर २००१ मध्येच हरले. जर्मनीत बॉनला परिषद भरली. नवं सरकार कोणाचं हे ठरवायला सगळे गट बोलावले, तालिबान सोडून. हरलेल्यांना कशाला बोलवायचं, असा हिशेब. त्याच सुमारास कंदाहारकडे काही तालिबान नेते नव्या सरकारचे होऊ घातलेले प्रमुख करझाई यांच्याशी शरणागतीचं बोलत होते. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले, तालिबानप्रमुख मुल्ला उमरला अभय वगैरे मिळणार नाही. मग ती माणसं पाकिस्तानात गेली, जमवाजमव करून परत लढायला आली. परिषदेचे मध्यस्थ ब्राहिमी यांनी पुढे स्वतःच कबूल केलं की तालिबानला बाहेर ठेवणं ही चूक होती.

आणि शेवट बघा. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात करार झाला तेव्हा टेबलावर कोण? अमेरिका आणि तालिबान. बाहेर कोण? काबूलचं सरकार, ज्याच्यासाठी एवढा सगळा खटाटोप! १८ वर्षांत खुर्च्यांची अदलाबदल तेवढी झाली. तेच बोलणं हरलेल्या तालिबानशी करायचं सोडून जिंकत आलेल्या तालिबानशी केलं.

*नाना, ए-३०२:* मॅडम, मुलींना शाळेत जाऊ न देणाऱ्यांना पंगतीला बसवायचं म्हणता?

*मॅडम, बी-२०३:* मला आवडतं म्हणून नाही हो, नाना. आज काबूलमध्ये सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे, ते वाचून माझ्या पोटात कालवतं. पण वीस वर्षांच्या लढाईनं ते थांबलं का?

इराकचंही तेच. २३ मे २००३ ला तिथला कारभार बघणाऱ्या अमेरिकेच्या ब्रेमरसाहेबांनी एका सहीनं इराकचं सैन्य बरखास्त केलं. लाखो शिकलेले, बंदुकी चालवता येणारे पुरुष एका रात्रीत बिनपगारी घरी. त्यातले कित्येक अधिकारी पुढे इसिसच्या वरच्या फळीत निघाले. इसिसचा म्होरक्या बगदादी स्वतः २००४ मध्ये अमेरिकनांच्या कॅम्प बुका तुरुंगात होता, आणि तिथे हीच मंडळी एकमेकांना भेटत होती. अतिरेकी संपवायला गेले आणि त्यांना वर्ग भरवायला जागा दिली. २०१४ ला इराकचं मोसुल शहर इसिसच्या हाती गेलं, ते परत घ्यायला नऊ महिने गल्लोगल्ली लढावं लागलं.

*नाना, ए-३०२:* हे सगळं मागाहून बोलायला सोपं. मेजरसाहेब, तुम्ही गप्प का? फौजी माणसानं सांगावं.

*मेजरकाका, सी-१०१:* टाइप करतोय. वेळ लागेल.

*मेजरकाका, सी-१०१:* मी अफगाणिस्तान पाहिलेलं नाही. पण परक्या देशात "शांतता" करायला मी गेलेलो आहे, १९८७ मध्ये. कॅप्टन होतो. जुलैअखेर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि आम्ही शांतिसेना म्हणून श्रीलंकेत. करारावर सह्या दोन सरकारांच्या. ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्या टायगरांची, म्हणजे वेगळं तामिळ राष्ट्र मागणाऱ्या एलटीटीईची, सही नव्हती. मॅडम म्हणतात ते खुर्चीचं मला तिथे कळलं.

सुरुवातीला जाफन्याच्या लोकांनी आम्हाला हार घातले. म्हाताऱ्या बायका हात धरून तामिळमध्ये काहीतरी सांगायच्या, आम्हाला ओ की ठो कळायचं नाही, दुभाषी पुरेसे नाहीत. ५ ऑगस्टला पलालीला टायगरांनी शस्त्रं ठेवल्याचा समारंभ झाला. चांगली शस्त्रं जमिनीखालीच राहिली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या टायगरांना कोलंबोला न्यायचं ठरलं, त्यांनी सायनाइड खाल्लं आणि सगळं फिरलं. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं पोरं उतरवली. टायगर आमचा रेडिओ ऐकत होते, वाट बघत बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० उतरले, २९ गेले, एक पकडला गेला. पुढच्या खेपा पोहोचूच शकल्या नाहीत.

आमच्याकडे नकाशे जुने. रस्त्याच्या मोऱ्यांखाली सुरुंग. मोरी दिसली की जीप थांबवायची, एक पोरगा उतरून वाकून बघायचा, मग पुढे. दिवसाला अशा तीसचाळीस मोऱ्या. ते वाकून बघणं माझ्या अंगात अजून आहे, पार्किंगच्या गटारावरची जाळी हलली तरी पाय थांबतो. ज्या गल्लीत हार घातले त्याच गल्लीतून गोळ्या यायला लागल्या. त्या लोकांना दोष देत नाही. आम्ही कोणाच्या बाजूचे हे त्यांना कळेना, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

*चिनू, बी-५०४:* काका, विचारू का? राग मानू नका. जाफना हॉस्पिटलचं वाचलंय. २१ ऑक्टोबर १९८७. डॉक्टर, नर्स, पेशंट मिळून साठेक माणसं मेली. तेही शांतिसेनेच्या हातून.

(इथे अकरा मिनिटं ग्रुपवर काहीच नाही. मेजरकाकांच्या नावाखाली "टाइप करत आहे" दोनदा आलं आणि गेलं.)

*मेजरकाका, सी-१०१:* राग नाही. मी तिथे नव्हतो. सैन्याकडून क्रॉसफायर सांगितलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. त्या दिवशी दिवाळी होती, एवढं मला पक्कं आठवतं.

बाकी आकडा सांगतो. आपले हजाराहून जास्त जवान तिथे गेले. पुढे प्रेमदासा श्रीलंकेचे अध्यक्ष झाले आणि म्हणाले चालते व्हा. आम्हाला घालवायला त्यांनी टायगरांनाच शस्त्रं पुरवली. त्याच टायगरांनी १९९३ मध्ये त्यांना मारलं. राजीवजींना त्याआधी दोन वर्षं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. घरी आल्यावर आईनं विचारलं, जिंकलात का रे? काय सांगणार?

*नाना, ए-३०२:* 🙏🙏 साहेब, माफ करा, मी उगाच खोदलं.

*मेजरकाका, सी-१०१:* छे हो. सगळीकडे जाऊच नये असं मी म्हणतच नाही. ७१ चं बांगलादेश युद्ध बघा. त्यांचं हंगामी सरकार आधीपासून तयार होतं, मुक्तिवाहिनी लढत होती, लोक बरोबर होते, म्हणून आपण शिरलो. १६ डिसेंबरला शरणागती, आणि १२ मार्चला ढाक्याच्या स्टेडियमवर निरोपाची परेड. तीन महिनेही नाहीत.

*नाना, ए-३०२:* हेच म्हणतो मी! आणि न जाण्याचंही बघा की. रवांडा, १९९४. शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कोयत्यांनी कापली. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तिथेच होतं. त्यांनी ते वाढवलं नाही, उलट कमी केलं. का? आदल्या वर्षी सोमालियात मोगादिशूला अमेरिकेचे १८ सैनिक मेले, म्हणून सगळे दबकले होते. पुढच्या वर्षी बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. "सुरक्षित क्षेत्र" अशी पाटी लावली होती, डच सैनिक उभे होते, आणि त्यांच्यासमोरून आठ हजार पुरुष आणि मुलगे नेऊन मारले. शांतता शांतता करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

*मॅडम, बी-२०३:* याला माझ्याकडे उत्तर नाही, नाना. रवांडात पाच हजार सैनिक पाठवले असते तर लाखो वाचले असते असं तिथले सेनापती डॅलेर सांगत राहिले. मला ते पटतं.

*चिनू, बी-५०४:* पण मग "लोकांना वाचवायला" म्हणून नाटोवाले लिबियात गेले २०११ ला. तिथला हुकूमशहा गद्दाफी मेला. त्याच्याकडचे तुआरेग या वाळवंटी जमातीचे लढवय्ये शस्त्रं घेऊन मालीत उतरले आणि माली पेटलं. मालीत फ्रान्स गेला, दहा वर्षांच्या आत लष्करी राजवटीनं त्यांनाही घालवलं. एकाची आग विझवताना दुसऱ्याचं छप्पर. सुरक्षा परिषदेत तेव्हा भारत तटस्थ राहिला होता, ते बरंच केलं.

*ताई, डी-४०१:* मी उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला सहा वर्षं होते नोकरीला, म्हणून मध्ये पडते. तिथे ब्रिटिश सैन्य १९६९ ला उतरलं ते २००७ पर्यंत. कॅथलिक बायकांनी पहिल्यांदा सैनिकांना चहा दिला होता म्हणे. मेजरकाकांच्या हारांसारखंच. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली.

१० एप्रिल १९९८ ला करार झाला तो ब्रिटिशांशी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या राजकीय पक्षाला, शिन फेनला, टेबलावर घेऊन. ज्यांचा आवाज टीव्हीवर ऐकवायलाही काही वर्षं बंदी होती, नटाच्या आवाजात बोलणं वाचून दाखवायचे, तीच माणसं पुढे मंत्री झाली. बॉम्ब लावल्याबद्दल शिक्षा झालेले कैदी दोन वर्षांत सुटले. माझ्या ऑफिसातल्या एका बाईचा भाऊ बॉम्बस्फोटात गेला होता. तिनं सार्वमतात "हो" म्हटलं आणि त्या रात्री जेवली नाही, असं तिनंच मला सांगितलं.

करारानंतर चारच महिन्यांत तिथल्या ओमा गावात कारबॉम्ब, २९ माणसं गेली. तरी करार टिकला. आयआरएची शस्त्रं निकामी व्हायला २००५ उजाडलं. आणि सगळं गोड झालंय असंही नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या उंच भिंती अजून आहेत, त्यांची काही फाटकं रात्री बंद होतात. ऑफिसातून उशीर झाला की मला लांबून वळसा पडायचा.

*नाना, ए-३०२:* ताई, आयआरएला काहीतरी हवं होतं, म्हणून देवाणघेवाण झाली. इसिसला काय देणार? खिलाफत? आणि टायगरांशी तर नॉर्वेनं मध्यस्थी करून २००२ ला युद्धबंदी केली होती. काय झालं तिचं? शेवटी २००९ ला सैन्यानंच संपवलं. मेजरसाहेब, खरं ना?

*मेजरकाका, सी-१०१:* खरं आहे. मोसुलमध्येही बोलणी करून कोणी बाहेर पडलं नसतं. १८ मे २००९ ची बातमी मी टीव्हीवर बघितली, टायगरांचा प्रमुख प्रभाकरन संपला. टाळी वाजवावीशी वाटली नाही एवढंच. शेवटच्या महिन्यांत त्या किनारपट्टीत हजारो साधी तामिळ माणसं अडकून मेली. हार घालणाऱ्या त्या म्हाताऱ्यांची नातवंडं असतील त्यात, असं मनात येत होतं.

*सेक्रेटरी:* चर्चा छान चाललीये, पण लिफ्टवाले आलेत. कोणी वर अडकू नका.

*नाना, ए-३०२:* बरं, मग बगरामचं काय ते सांगा. परत घ्यावं की नाही?

*मेजरकाका, सी-१०१:* नाना, जुलै २०२१ मध्ये अमेरिकन तिथून कसे निघाले माहीत आहे? रात्री दिवे घालवून. नव्या अफगाण कमांडरला काही तासांनी कळलं की तळ रिकामा आहे, तोपर्यंत लुटारू आत शिरले होते. मागे हजारो गाड्या सोडल्या होत्या, त्यातल्या कितीतरी बिनकिल्लीच्या.

*नाना, ए-३०२:* मग?

*मेजरकाका, सी-१०१:* मग काय, ट्रम्पसाहेबांना सांगा, आधी किल्ल्या शोधा.