कॅप स्पेस उरलीये, ट्रेडमध्ये करायचं काय तिचं?

प्रश्न: एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आईस हॉकी लीग) एखाद्या टीमचा सीझन हातचा गेलाय आणि कॅप स्पेस (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत उरलेली जागा) नुसती पडून आहे, तर ट्रेडमध्ये फायदा कसा उठवतात?

उत्तर: दुसऱ्याचं नकोसं कॉन्ट्रॅक्ट गळ्यात घ्यायचं आणि बदल्यात पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना मिळणारा नंबर) मागायचा. 2016 ला अ‍ॅरिझोनाने डेट्रॉईटकडून दात्सुक या प्लेयरचं, कॅपमध्ये 75 लाख डॉलर मोजलं जाणारं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, तो रशियाला चाललेला, खेळणारच नव्हता, पण ड्राफ्टमध्ये 20 वरून 16 वर आले आणि चिकरन हा नवा प्लेयर उचलला. वर 53 वा पिकही द्यावा लागला म्हणा, तरी माझ्या मते भारीच डील.

उत्तर: रिटेन्शन विसरलात काय? आपला प्लेयर देताना 50 टक्क्यांपर्यंत पगार आपल्याकडे ठेवला की समोरचा जास्त मोजतो. फक्त एका वेळी तीनच कॉन्ट्रॅक्टवर चालतं, त्यामुळे ट्रेडच्या डेडलाईनआधी तिन्ही उधळू नयेत.