हुशार मुलीनं संसर्गरोगतज्ज्ञ व्हावं का? माझं मत: नको

भूलपंडित
भाचीचं मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलं. हृदयरोग किंवा पोटविकार सहज मिळेल एवढे गुण आहेत, आणि बाईसाहेबांना हवंय संसर्गरोग. घरात डॉक्टर मी एकटाच, म्हणून बहिणीनं "दादा, तूच समजाव" म्हणून माझ्याकडे पाठवली. समजावलं, जमलं नाही. म्हणून हा धागा.

पैशांचा आक्षेप आहेच, लपवत नाही. ना स्टेंट, ना दुर्बीण; हातानं करायचं काही नसलं की मोल कमीच मिळतं. तासभर विचार केल्याचं बिल कोण फाडणार? पण मोठा आक्षेप वेगळा आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या पेशंटवर शेरे मारायचं हे काम. तीस वर्षं आयसीयूत बघतोय. संसर्गरोगवाल्यांना बोलावतात कधी? तिसरं अँटिबायोटिक चढवून झालंय, ताप हटत नाही, नातेवाईक तापलेत, तेव्हा. ते येतात, फाइल उलटीसुलटी वाचतात आणि दोन औषधं बंद करायला सांगतात. पेशंट वाचला तर सर्जननं वाचवला. गेला तर "औषध बंद कुणी केलं?"

आणि जोखीम? सार्सचा धोका ओळखून जगाला सावध करणारे कार्लो उर्बानी 2003 मध्ये त्याच आजारानं गेले, वय 46. सिएरा लिओनमध्ये इबोलाचा वॉर्ड सांभाळणारे डॉ. शेख उमर खान 2014 मध्ये इबोलानंच. मामा म्हणून मला हे दिसणारच.

तापमापक
याच शाखेत सोळा वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं लांबेल.

"दोन औषधं बंद करा" हे तुम्ही असं लिहिलंत, जणू त्यात काही कष्टच नाहीत. औषध सुरू करायला भीती पुरते. बंद करायला मात्र जंतू कुठे आहे आणि कुठे नाही, हे माहीत असावं लागतं. कॅथेटर घातलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू वाढले, पण त्याला त्याचा काही त्रास नाही. थुंकीत कँडिडा नावाची बुरशी निघाली. अशा रिपोर्टवर हात आवरणं हेच बहुतेक वेळा बरोबर असतं. जंतू सापडणं आणि जंतूनं आजार करणं यांतला फरक ओळखणं, माझा निम्मा दिवस त्यातच जातो.

उरलेल्या निम्म्यात काय करतो? रक्तात स्टॅफ ऑरियस हा जीवाणू वाढला असं समजा. कल्चर (रक्तात जंतू वाढतो का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह होईपर्यंत पुन्हापुन्हा पाठवायचं, इको करून हृदयाच्या झडपा बघायच्या, संशयित सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढायला लावायची. साध्या औषधाला दाद देणारा जंतू असेल तर व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिनवर यायचं, कारण तिथे ते सरस ठरतं. मग किमान चौदा दिवस, तेही पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजून. यात अवघड काहीच नाही, पण चार पथकांच्या धावपळीत नेमकी एक पायरी गळते. या एका आजारात संसर्गरोगतज्ज्ञानं पेशंट पाहिला तर मृत्यू कमी होतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. याला शेरे मारणं म्हणायचं असेल तर म्हणा.

सुई-दोरा
भूलपंडितांना पूर्ण पाठिंबा. मी सर्जन. पोट उघडलेला माझा पेशंट रात्री दोनला ढासळतो तेव्हा त्याच्या उशाशी मी असतो. मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक थांबवा असं दुपारी लिहून गेलेले तज्ज्ञ त्या वेळी झोपलेले असतात. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याला धीर भरपूर असतो. चार दिवस जास्त औषध गेलं म्हणून माझा एकही पेशंट दगावलेला मला आठवत नाही.

तापमापक
सुई-दोरा, आठवणार नाहीच. त्या चार दिवसांचं बिल बहुतेक वेळा शेजारच्या खाटेवर फाटतं, औषधाला सरावलेला जंतू तिकडे पसरतो. किंवा तुमचाच पेशंट तीन महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात येतो, तेव्हा त्याच्या जंतूपुढे कोलिस्टिनशिवाय काही उरलेलं नसतं आणि तेही मूत्रपिंडं सांभाळत द्यावं लागतं. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. फ्लेमिंगनी 1945 मध्ये नोबेल घेतानाच सांगितलं होतं की अपुरा डोस दिला की जंतू पेनिसिलिनला सरावतात.

रात्री दोनचा मुद्दा मात्र मान्य. बंद करा असं लिहून फोन न उचलणारे आमच्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचं कुणी ऐकत नाही.

एक नातेवाईक
मी डॉक्टर नाही. वडिलांची पाठ तीन महिने दुखत होती, संध्याकाळी ताप, रात्री घामानं अंथरूण ओलं. एमआरआयवर मणक्याचा क्षय म्हणून औषधं सुरू करायचं ठरलं होतं. त्याआधी संसर्गरोगाच्या बाईंना दाखवा असं कुणीतरी सुचवलं. त्या पाऊण तास नुसत्या विचारत बसल्या: कुठे गेलात, काय काम केलंत, जनावरांशी संबंध आला का? आम्ही आपसात म्हणालो, या तपासणार कधी? मग वडिलांना आठवलं की एका नातेवाइकाची शेळी अडली होती तेव्हा त्यांनी हातानं पिल्लू ओढून काढलं होतं. निघाला ब्रुसेला, जनावरांकडून माणसात येणारा जीवाणू. औषधं तीन महिने चालली, पण माणूस चालता झाला. एमआरआय वाचणारे तिघे होते, शेळीबद्दल विचारणाऱ्या एकट्या त्या.

सूक्ष्मदर्शी
सुंदर किस्सा. आता त्याची न सांगितली जाणारी बाजू. ते रक्त कल्चरला पाठवताना कागदावर "ब्रुसेलाचा संशय" लिहिलं होतं का? प्रयोगशाळेत काम करताना लागण होणाऱ्या जीवाणूंमध्ये ब्रुसेलाचा नंबर फार वरचा. माझ्या एका सहकारी तंत्रज्ञानं संशयाची कल्पना नसल्यामुळे जंतू वाढवलेली ती प्लेट साध्या टेबलावर उघडून हुंगली होती. मग कित्येक आठवडे रक्ततपासण्या आणि औषधं. उर्बानी सगळ्यांना आठवतात, हुंगणारा कुणालाच नाही.

आणि भूलपंडित, जोखीम तुमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरातही आहे. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण साधारण हजारात तिघांना, आणि बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतलं की त्याहून कमी. ते औषध लिहून द्यायला तुम्ही जाणार कुणाकडे?

जुना वॉर्ड
"दुसऱ्यांचे पेशंट" हा शब्द टोचला म्हणून लिहितोय. एड्सच्या पहिल्या नोंदी 1981 च्या. आम्ही कामाला लागलो तेव्हा प्रतिकारशक्ती ढासळली की होणारे संधिसाधू संसर्ग एकामागून एक परतवायचे, पुढचा कुठला येतो याची वाट बघायची, आणि शेवटी मृत्यूचा दाखला लिहायचा. पुष्कळांना आमच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागलो, आणि मरायला आलेली माणसं काही महिन्यांत वजन वाढवून कामावर गेली. त्यांतला एक अजून दर सहा महिन्यांनी येतो. आता त्याची तक्रार कोलेस्टेरॉलची असते आणि गुडघ्यांची. हा पेशंट कुणाचा म्हणायचा?

भूलपंडित
ओटीतल्या सुईवर मी निरुत्तर. मला दोनदा टोचली आहे आणि दोन्ही वेळा त्यांच्याच दारात उभा होतो, हे धागा काढताना सोयीस्करपणे विसरलो. पैशांबद्दलचं मत कायम. सुई-दोरांचंही सगळं खोडलं गेलं असं मला वाटत नाही.

भाचीला हा धागा पाठवला होता. तिचं उत्तर आलं: "मामा, दोन ठिकाणी मुलाखत आहे. पहिल्या ठिकाणी नाव मोठं आहे, पण तिथली प्रयोगशाळा रात्री बंद असते. शुक्रवारी संध्याकाळी कल्चर पाठवलं तर शनिवारी सकाळपर्यंत बाटलीला कुणी हात लावत नाही. म्हणून दुसरी आधी देतेय."