'मन वढाय वढाय' मधला अलंकार आणि व्यक्तिचित्रण मुलाला कसं समजावू?

नववीच्या मुलाची आई: मुलाचे अलंकार पाठ आहेत, जसा-सारखा दिसलं की उपमा, जणू दिसलं की उत्प्रेक्षा. पण बहिणाबाईंच्या 'मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर' ला अडला, म्हणतो यात जसा पण नाही न् जणू पण नाही, मग लिहू काय? वर प्रश्न आहे की कवितेतून बोलणाऱ्या बाईचा स्वभाव कसा दिसतो. गाईडमध्ये 'कष्टाळू, सोशिक, निसर्गप्रेमी' एवढंच दिलंय. मलाच ते पटेना, ती तर स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही.

मराठीच्या बाई: रूपक आहे ताई. मन ढोरासारखं आहे असं ती म्हणतच नाही, मन हेच ढोर. त्याच कवितेत पुढे 'मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना' येतं, तिथे जसा आहे, म्हणून ती उपमा. खाकस म्हणजे खसखस. दोन्ही ओळी शेजारी लिहून दाखवा, लगेच कळेल. स्वभावाचं म्हणाल तर त्याला एवढंच विचारा, मनाला ढोर म्हणायचं कुणाला सुचेल? बहिणाबाई (1880-1951) शाळेत गेल्या नव्हत्या, जन्म शेतात आणि जात्यावर गेला, त्यामुळे मनाबद्दल बोलतानासुद्धा ढोर, पीक, खसखस हेच तोंडात येतं. बाई तिथेच सापडते.

जळगावकडचा: आमच्या बोलीत ळ चा य होतो, वढाय म्हणजे ओढाळ. नुसतं भटकणारं नव्हे, पिकाची चटक लागलेलं जनावर. आमची एक गाय तशी होती, पुढ्यात कडबा असला तरी शेजारच्या ज्वारीत शिरायची, आजोबांनी गळ्यात लोढणं बांधलं तर ते गुडघ्यावर आपटत आपटत जायची, मी हाकलून बांधावर टेकतो न टेकतो तोच परत आत. 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर', यात हाकला दोनदा का ते मला तेव्हा कळलं. आणि 'उभ्या' हा शब्द सोडू नका, कापून नेलेल्या रानात ढोर शिरलं तर कोण ओरडतं, उभं पीक म्हणजे वर्षाचं पोट.

नववीच्या मुलाची आई: तुमचं गाईचं वाचून दाखवलं तर म्हणाला, 'आई, म्हणजे तिला राग आलाय का? ढोर तर तिचं स्वतःचंच असणार ना.' आता काय सांगू?

मराठीच्या बाई: अहो हेच उत्तरात लिहू दे! स्वतःचंच जनावर आहे, विकता येत नाही, सोडून देता येत नाही, दिवसभर त्याच्यामागे पळायचं. ओळीत शिवी नाही, मारणं नाही, फक्त पुन्हा पुन्हा हाकलणं आहे. 'सोशिक' लिहायचंच असेल तर त्याखाली 'हाकला हाकला' हे शब्द पुरावा म्हणून द्यायला सांगा.